ठकीचं सहस्रचंद्रदर्शन

फ्रिजवरून कपाटावर जाणारी उडी ठकीने आजवर हजारो वेळा मारली असेल. मागचे पाय गोळा करायचे, शेपटीचं टोक दोनदा हलवायचं, की पुढच्या क्षणी बाई कपाटाच्या माथ्यावर. त्या दिवशीही पाय गोळा झाले, शेपटी हलली, ती उडाली, आणि पुढचे दोन पंजे कपाटाची कड खरवडत सरळ खाली आले. येताना फ्रिजवरचा चिवड्याचा डबा सोबत आला. मी धावत जाऊन बघते तर ठकी चिवड्याच्या मधोमध बसून शांतपणे पंजा चाटत होती. पडलं ते दुसरंच कुणीतरी. डब्याकडे तिने असं काही पाहिलं, की वेंधळेपणा सगळा त्याचाच.

मी हसले. झाडू आणला, चिवडा भरला. हसू रात्री ओसरलं. ती कपाटावर शेवटची कधी झोपली होती, तेच मला आठवेना. होळीच्या सुमाराला तिने ती जागा सोडली होती, आणि वरती उकडत असेल म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. त्याआधी खिडकीच्या वरची फळी सुटली होती. ती सुटल्याचं तर मला कळलंही नव्हतं, तिथे धूळ बसायला लागली तेव्हा मी फक्त धूळ पुसली. कपाट, मग फ्रिज, मग खिडकीचा कट्टा, मग पलंग. माणसाचं म्हातारपण केसांत दिसतं, गुडघ्यात दिसतं. मांजराचं घराच्या उंचीत दिसतं. वरचे मजले एकेक करून बंद होत जातात, आणि लंगडणं वगैरे काही नसल्यामुळे आपल्याला वाटतं, शहाणी झाली, आता उड्या मारत नाही.

लंगडणार तरी कशी? दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतील तर लंगडायचं कुठल्या पायाने? बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते, असं डॉक्टर म्हणाले. आणि मांजराची जात दुखणं दाखवणारी नाही. रानात ते शिकारही करतं आणि कुणाची तरी शिकारही होतं. कण्हत बसलं तर संपलं. ती सवय तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेतही सुटलेली नाही.

ठकी आमच्याकडे आली 2008च्या पावसाळ्यात. मुलगा पाचवीत होता. शाळेतून येताना दप्तरात घालून आणली. भूगोलाची वही तिने ओली केली होती आणि मुलाला त्याचं मुळीच दुःख नव्हतं. आईने तेव्हा बजावलं होतं, "हे प्रकरण माझ्या पलंगावर चालणार नाही." आता मुलगा बंगळुरूला असतो आणि व्हिडिओ कॉल लावला की आधी विचारतो, "ठकी कुठाय?" मी कुठाय हे त्याला माहीत असतं, मी फोन धरलेला असतो. नाना नंतर आला, जिन्याखाली सापडलेला पिवळा बोका. तो तेरा वर्षांचा आहे, गोल आहे आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ठकी ताटलीवरून उठल्याशिवाय तो तोंड घालत नाही. ही शिस्त त्याला कुणी लावली, देव जाणे. आम्ही तरी लावलेली नाही.

म्हणजे ठकीला सतरा पूर्ण झाली. मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांएवढं, दुसरं नऊ वर्षांएवढं, आणि पुढचं प्रत्येक वर्ष साधारण चार वर्षांचं, असा एक ढोबळ हिशोब डॉक्टर लोक सांगतात. मी बोटांवर केला. चौऱ्याऐंशी. आई अठ्ठ्याहत्तरची.

"म्हणजे ही माझ्यापेक्षा मोठी?" आई चष्मा सारखा करत म्हणाली. "मग तिचं सहस्रचंद्रदर्शन होऊन गेलं की गं. आणि कुणाला पत्ता नाही."

खरं तर मोजून पाहिलं तर ठकीच्या वाट्याला पौर्णिमा आल्या जेमतेम दोनशे दहा. पण आईला तो मुद्दा मान्य नव्हता. तिने त्या शुक्रवारी ठकीला औक्षण केलं. नाना मध्येच निरांजनाचा वास घ्यायला आला आणि मिशा करपवून गेला. मग मी आईला अमेरिकेतल्या टेक्ससमधल्या क्रीम पफ नावाच्या मांजरीची गोष्ट सांगितली. 1967 साली जन्मली आणि 2005 साली गेली. अडतीस वर्षं. जगातली आजवरची सगळ्यात दीर्घायुषी मांजर म्हणून गिनेसच्या पुस्तकात नाव आहे. आईने लगेच हिशोब करायला लावला. एकशे अडुसष्ट. "बाई गं," आई म्हणाली, "गुडघ्यांचं काय करत असेल?"

गुडघ्यांचं नंतर सांगते. आधी मूत्रपिंडांचं.

पहिले डॉक्टर म्हणाले होते, "वय झालं, आता काय करणार." वाक्य चुकीचं नव्हतं, पण त्याची फी घ्यायला नको होती. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं निघालं. ती पाणी जास्त पीत होती, हे मलाही दिसत होतं. उलट कौतुक वाटत होतं, उन्हाळ्यात बरं झालं म्हणून. पाळीव मांजरांचे पूर्वज उत्तर आफ्रिकेकडचे, अर्धवट वाळवंटातले. थोड्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, ही त्यांच्या मूत्रपिंडांची करामत. म्हातारपणी नेमकी तीच करामत बिघडते. पाणी राखलं जात नाही, म्हणून पाणी पीत सुटतात. आणि क्रिएटिनिन रक्तात दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे पाऊण काम बंद पडलेलं असतं. पाऊण काम थांबलेलं असताना ही बाई फ्रिजवर चढून बसत होती आणि मी तिला जाडी झालीस म्हणून चिडवत होते. जाडी नव्हती, केस पिंजारले होते. चाटायला मान वळत नव्हती म्हणून कमरेवर जटा झाल्या होत्या.

तर आता दिवसाआड सलाइन. रिंगर लॅक्टेटची बाटली, शंभर मिली, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. शिरेत नाही, खांद्यांच्या मध्ये सैल कातडी असते तिच्याखाली. दवाखान्यात त्यांनी दोन मिनिटांत करून दाखवलं आणि मला वाटलं, जमेल. घरी पहिला प्रश्न आला बाटली टांगायची कुठे. पडद्याच्या दांडीला टांगली तर दांडीच खाली आली. शेवटी बाल्कनीच्या दारातला आकाशकंदिलाचा हूक कामाला आला. वर्षातून पाच दिवस वापरायचा तो हूक आता दिवसाआड लागतो.

पहिल्या दिवशी मी चिमटीत कातडी धरली, देवाचं नाव घेतलं, सुई टोचली, नळी सोडली. ठकी अगदी शहाण्यासारखी बसून. मला भरून आलं. मग मांडीला गार लागलं. सुई कातडीच्या या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर आली होती आणि सगळं सलाइन माझ्या पंजाबी ड्रेसला चढत होतं. आता हात बसला आहे. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाइनने ती शहारते. नळीतली हवा काढायची. कातडीचा तंबू करून सुई तंबूच्या दारातून आत घालायची, आरपार नाही. थोड्या वेळात खांद्यावर उंटासारखा उंचवटा येतो, मग तो हळूहळू सरकत एका पुढच्या पायात उतरतो आणि ठकी एक पाय पैलवानाचा, तीन पाय स्वतःचे, अशी घरभर फिरते. काही तासांत सगळं मुरतं. सुरुवातीचा थोडा वेळ आई तिच्यासमोर बसून पेपरातली निधनवार्ता मोठ्याने वाचते. ठकीला ऐकू येत नाही, हे आईला माहीत आहे.

ऐकू येत नाही हे आम्हाला कुकरने सांगितलं. शिट्टी झाली की सतरा वर्षं ती पलंगाखाली धूम ठोकायची. एके दिवशी तीन शिट्ट्या झाल्या आणि बाई ओट्याखाली ढिम्म. तेव्हापासून तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना ते आधी सांगून ठेवावं लागलं.

वहिनी फार प्रेमळ. ठकीचे सांधे दुखतात म्हटल्यावर म्हणाल्या, "अहो, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या ना, आमच्या पिंटूला तापात तेवढीच देतो." मी घाबरून त्यांचा हातच धरला. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे एवढं मात्र मी लिफ्टमध्येसुद्धा कुणी भेटलं तर सांगते. मांजर पाळणारा असो नसो.

खाण्याचं विचारू नका. मूत्रपिंडाच्या आजारातलं खास खाणं मिळतं, त्याची किंमत बघून मीच जरा पाणी प्यायले. ठकीने वास घेतला आणि ताटलीभोवती पंजाने फरशी उकरायला लागली. हे ती वाळूच्या घमेल्यातलं काम झाल्यावर करते. अपमान करावा तर मांजराने. पुढे कळलं, म्हातारपणी नाकही मंदावतं आणि मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवतं. तेच खाणं अंगाएवढं कोमट करून दिलं तर निम्मं तरी जातं. उरलेल्या निम्म्यासाठी कोळिणीकडून घेतलेल्या मांदेलीचं एक डोकं वर ठेवायचं, ही लाच डॉक्टरांना सांगून मगच सुरू केली. दूध मात्र तिला कधीच नको होतं. डोळे मिटून दूध पिणारी म्हणीतली मांजर कुणाची होती कोण जाणे, मोठ्या मांजरांना दूध बहुधा बाधतंच. गोडही त्यांना कळत नाही, जिभेवर ती सोयच नाही. तरी श्रीखंडाचं झाकण चाटते. ते तुपटपणासाठी असावं.

आणि ते घमेलं. सोळा वर्षं वाळूचं घमेलं तिला पुरलं, बाहेर कधी एक थेंब नाही. गेल्या वर्षी ती घमेल्याच्या शेजारी करायला लागली. मी ओरडले. दोनदा ओरडले. मग एकदा दारामागून पाहिलं. ती घमेल्याशी आली, एक पाय कडेवर ठेवला, उचललं नाही अंग, पाय काढून घेतला. पुन्हा ठेवला. काढून घेतला. मग जितकं जवळ बसता येईल तितकं जवळ बसली, आणि कोरड्या फरशीवर पंजाने वाळू ओढत राहिली. नसलेली वाळू.

त्या दुपारी मी पसरट ट्रे आणले, दोन, एक बाल्कनीत आणि एक पॅसेजमध्ये. ओरडले होते ते काही परत घेता आलं नाही.

मांजराच्या पावलांनी येणं म्हणजे चाहूल न लागता येणं, असं आपण म्हणतो. आमच्या घरात आता टक टक टक असं येतं. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, पूर्वीसारखी आत जात नाहीत, आणि खांब खरवडून ती साल काढत नसल्यामुळे वळून पंजाच्या गादीत रुतूही शकतात. दर तीन आठवड्यांनी मी कापते, तरी फरशीवर आवाज होतोच. रात्री तीनला टक टक पॅसेजपर्यंत येते, थांबते, आणि मग ठकी एक लांबलचक हाक मारते. म्याव नाही. आईच्या शब्दांत सांगायचं तर गावाकडे कुणी विहिरीच्या काठावरून मारावी तशी. रक्तदाब तपासला, एवढासा पट्टा पुढच्या पायाला बांधून. तो ठीक निघाला. थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत नाही, अंधारात गोंधळत असेल, घरातच हरवल्यासारखं होतं. मग आम्ही पॅसेजमध्ये झिरोचा दिवा लावला. हाक निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्याला आई उठते, पॅसेजपर्यंत भिंत धरत जाते आणि म्हणते, "इथेच आहोत गं सगळे." मग दोघी येऊन झोपतात. कुठे, ते सांगायला हवं का? पलंगावर. प्रकरण चालणार नव्हतं तिथेच.

तो पलंग शिसवी, आजोबांच्या वेळचा, चांगला कमरेएवढा उंच. तिथे ठकीची उडी पोचेना म्हणून मी सुतारकाकांकडून दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल करून घेतलं. वर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला, पाय घसरू नये म्हणून. पलंगाशी आईला धरायला दांडी लावू या, असं मी दोन वर्षं म्हणत होते. "मी काय म्हातारी झाले?" म्हणून विषय बंद व्हायचा. ठकीचं स्टूल आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर आई पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून, बेताने वर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुताराने बरं केलंय काम." मीही तिच्याकडे न बघता हो म्हटलं.

परवा दिवाळीची आवराआवर काढली. कपाटावर शिडी लावून चढले. तिथे आईनेच शिवलेली एक जुनी गोधडी घडी करून ठेवलेली, आणि तिच्या मधोमध खळगा. पांढऱ्या-काळ्या केसांचा थर बसलेला, बरोबर ठकीच्या मापाचा. मी ती न झटकता खाली आणली. मोठ्या मायेने पलंगाशेजारी पसरली. ठकी टक टक करत आली. वास घेतला, इकडून, तिकडून, खळग्यात नाक घालून बराच वेळ. मग गोधडीला वळसा घालून ती स्टुलाच्या वरच्या पायरीवर गेली आणि तिथे अंगाचं वेटोळं करून डोळे मिटले. गोधडी नानाने घेतली.

रात्रीचे दहा वाजले होते. आईची झोपायची वेळ. ती पलंगाशी येऊन उभी राहिली, एक हात कपाटावर. पायरी अडवलेली.

"उचलू का तिला?" मी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय. मला काय घाई आहे."