शिल्लक

पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी माझे पाय थांबतातच. आत चिखलात लोळणारी दांडगी मंडळी आणि त्यांच्यात कुठेतरी न सोललेल्या नारळाएवढा चेंडू. रग्बीचे नियम मला आजतागायत कळलेले नाहीत. परवाही चेंडू दहा जणांच्या पोटाखाली गडप झाला, शिट्टी वाजली, आणि मी उगाच मान डोलावली.

मला खरा भावलेला रग्बी क्लब मात्र कलकत्त्याचा, तोही बंद पडलेला. 1872च्या नाताळात तिथल्या साहेबलोकांनी सामना खेळला, पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. नाव फुटबॉल, खेळ रग्बी. सुरुवातीला क्लबात दारू फुकट होती म्हणे. ती बंद झाली, गोरी पलटण बदलून गेली, उरलेल्यांना त्या उकाड्यात टेनिस-पोलो बरं वाटू लागलं. संपलं. बँकेत थोडी शिल्लक होती. ती त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले आणि करंडक घडवून घेतला. मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. 1879पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी झुंजतात.

म्हणजे राणीछाप रुपयांची मोडच की! आजीने तिच्याकडचे राणीछाप मोडीत घातले तेव्हा सोनाराच्या तराजूवरून तिची नजर हलत नव्हती. घट किती धरली, हे तिने तीनदा विचारलं होतं. कलकत्त्यात कोणी विचारलं असेल का?

आमच्या चाळीचं क्रीडा मंडळ मिटलं तेव्हा शिल्लक निघाली 340 रुपये. सभा दोन रात्री चालली. वाटून घेतले तर माणशी अकराही येईनात. अखेर स्टीलचं पिंप घेतलं आणि त्यावर मंडळाचं नाव घातलं. नाव घालणाऱ्याने 'क्रिडा' लिहिलं, ऱ्हस्व. मला ते अजून टोचतं. बाकी कोणाला टोचलं नाही.

1988मध्ये खेळाडूंनी तो करंडक रात्री एडिंबरोच्या रस्त्यांवर नेला आणि पार चेपवून आणला. आमच्या पिंपालाही पोचा आहे, पण तो जिन्यावरून घरंगळल्याचा. हल्ली ते तळमजल्यावरच्या काकूंकडे असतं. त्यात तांदूळ आहेत. मागायला गेलं की म्हणतात, "आधी मंडळ काढा, मग न्या."