किलर सुडोकू: आधी पंचेचाळीस, मग पेन्सिल

मध्यम पातळीचा किलर सुडोकू आता मी कुठेही अंदाज न मारता पुरा करते. अवघड पातळीवर अजून अडते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

ज्यांनी अजून हात लावला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: किलरमध्ये बहुधा एकही आकडा आयता दिलेला नसतो. तुटक रेषेने बांधलेले घरांचे गट असतात, त्यांना केज म्हणतात. केजच्या कोपऱ्यात बेरीज छापलेली असते आणि एका केजमध्ये तोच आकडा पुन्हा येत नाही. बाकी नियम साध्या सुडोकूचेच: प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि तीन बाय तीन घरांच्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच, म्हणून त्या प्रत्येकाची बेरीज ४५.

आंब्याचा मोसम आटोपला की आमच्या देवगडात पावसाळाभर वेळ मिळतो. लाईटचा भरवसा नसतो, म्हणून कोडी आधीच छापून ठेवते. पण या दिवसांत कागद इतका सादळतो की एकाच घरात दोनदा खोडलं की खोडरबराबरोबर कागदही निघतो. प्रत्येक घरात सगळ्या शक्यता बारीक अक्षरात भरायच्या, ही पद्धत इथे टिकतच नाही. त्यातूनच आधी बेरजा मांडायची सवय लागली, आणि माझी खरी प्रगती तिथून झाली.

परवाचंच कोडं घ्या. डावीकडचा सगळ्यात वरचा चौकोन. पहिल्या ओळीतली पहिली दोन घरं मिळून १७. तीन घरांची एक केज ७ ची, तीन घरांची दुसरी १४ ची. झाली आठ घरं, बेरीज ३८. चौकोनाची बेरीज कायम ४५, म्हणजे उरलेल्या घरात ७. हे घर तिसऱ्या ओळीत उजव्या कडेला होतं आणि शेजारच्या चौकोनातल्या एका घरासोबत त्याची १२ ची केज होती. म्हणजे तिथे ५. आता १७ म्हणजे ८ आणि ९, तीन घरांत ७ म्हणजे १, २, ४. मग १४ च्या वाट्याला ३, ५, ६ च राहतात. या केजची दोन घरं तिसऱ्या ओळीत, एक दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत ५ आधीच बसला, म्हणून दुसऱ्या ओळीतल्या घरात ५! एकही शक्यता न लिहिता तीन आकडे पक्के. अशा वेळी फार आनंद होतो.

पाठांतर थोडंच लागतं. दोन घरांत ३, ४, १६, १७. तीन घरांत ६, ७, २३, २४. चार घरांत १०, ११, २९, ३०. या बेरजा एकाच प्रकारे होतात. एवढ्या तोंडपाठ करा, बाकीच्या सरावाने जमतात.

सध्या अडते ती केज चौकोनाबाहेर डोकावतात तिथे. चौकोनाला लागलेल्या सगळ्या केजची बेरीज ५२ आणि बाहेर एकच घर असेल तर त्यात ७, हे सोपं. बाहेर दोन घरं असली की फक्त त्यांची बेरीज कळते. ती दोन्ही एका ओळीत, एका स्तंभात, एका चौकोनात किंवा एका केजमध्ये नसतील तर त्यांत तोच आकडाही येऊ शकतो, आणि हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आता दोन चौकोन जोडून ९० आणि तीन ओळी मिळून १३५ असं मांडायचा सराव चालू आहे. लॉजिक मास्टर्स इंडिया या कोड्यांच्या संस्थेच्या स्पर्धांची जुनी कोडी त्यासाठी काढून ठेवली आहेत. १३५ वापरताना नेमक्या कुठल्या तीन ओळी आधी धरायच्या, हे तुम्ही कसं ठरवता ते जरूर सांगा.