जुन्या पुलाच्या जागी नवा पूल: करारात काय असावे

नाशिकमध्ये रस्ता किंवा पूल खासगी भागीदारीतून होणार असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सर्वप्रथम टोल नाका उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. मुंबईकडे निघालो की घोटीला थांबायचे आणि धुळ्याकडे निघालो की पिंपळगाव बसवंतला, ही आपली सवयच झाली आहे. वडपे ते गोंदे आणि गोंदे ते पिंपळगाव हे दोन्ही टप्पे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने झाले. त्यामुळे महामार्गावरचा वयोवृद्ध पूल बदलण्याचे काम खासगी कंपनीकडे द्यावे का, हा विषय निघाला की चर्चा ‘टोल किती आणि किती वर्षे’ एवढ्यावरच अडते. कंपनीला पैसे नेमके कशाबद्दल मिळतात, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. मोजलेल्या वाहनांबद्दल पैसे मिळत असतील तर कंपनी वाहने मोजेल; पूल सुस्थितीत आणि वाहतुकीस खुला असल्याबद्दल मिळत असतील तर ती पुलाकडे पाहील.

महाडजवळचा सावित्री नदीवरील दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा होता. न्यूयॉर्कचे स्टेटन आयलंड आणि न्यू जर्सी यांना जोडणारा गोथल्स पूलही १९२८ सालचाच. या दोन्ही ठिकाणी नव्या पुलावरून वाहतूक सुरू झाली ती जून २०१७ मध्ये. मधल्या काळात जे घडले त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह इतर वाहने नदीत गेली. त्याच दिवशी नाशिकमध्ये गोदावरीलाही मोठा पूर होता, त्यामुळे ती बातमी आपल्या शहराने आपल्याच नदीकडे पाहत ऐकली. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचे सांगितले गेले होते. दुर्घटनेनंतर नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि त्या अभियंत्यांचे, कामगारांचे कौतुक मलाही आहे. पण पूल बांधणे आपल्याला कधीच अवघड नव्हते, जुना पूल वेळेवर बदलण्याचा निर्णय घेणे अवघड होते, हेही त्याच आकड्यातून दिसते.

गोथल्स पुलाच्या मार्गिका जेमतेम दहा फूट रुंद होत्या आणि बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती. तिथल्या पोर्ट अथॉरिटीने, म्हणजे हा पूल सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये खासगी समूहाशी करार केला. आराखडा, भांडवल आणि बांधकाम कंपनीचे, त्यानंतर सुमारे ३५ वर्षांची देखभालही कंपनीचीच. टोलचे दर ठरवणे आणि टोल गोळा करणे मात्र अथॉरिटीने स्वतःकडेच ठेवले. कंपनीला मुख्य रक्कम पूल पूर्ण झाल्यानंतर वर्षानुवर्षे हप्त्याने मिळते आणि पूल ठरलेल्या दर्जाचा राहिला नाही तर ती कापली जाते. जुना पूल वापरात ठेवूनच शेजारी नवा बांधला गेला आणि त्यावर वाहतूक वळवल्यानंतर जुना पाडण्यात आला.

अशा करारात टोल असलाच पाहिजे, असेही नाही. कॅनडात माँट्रियल येथील शँप्लेन पूल १९६२ चा. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी कडेच्या गर्डरांवर मुरत गेल्याने आतले पोलाद गंजले, आणि २०१३ मध्ये एका गर्डरला तडा गेल्यावर ७५ टनांची लोखंडी तुळई लावून त्याला आधार द्यावा लागला. नवा पूल खासगी भागीदारीतून बांधून २०१९ मध्ये खुला झाला आणि २०४९ पर्यंतची देखभाल त्याच समूहाकडे आहे. तेथील आधीच्या सरकारने ठरवलेला टोल २०१५ मध्ये आलेल्या नव्या सरकारने रद्द केला. भागीदारी तशीच राहिली.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. इटलीतील जिनोआ येथे १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांडी पूल कोसळून ४३ माणसे गेली. हा पूल टोल घेणाऱ्या खासगी कंपनीच्याच ताब्यात होता. त्याचे ताण पेलणारे पोलादी दोर काँक्रीटच्या आवरणात असल्यामुळे आतला गंज बाहेरून दिसत नव्हता. १९९० च्या दशकात एका खांबाचे दोर मजबूत करण्यात आले, पण कोसळला तो दुसराच खांब. पुलाच्या तपासणीचे काम त्याच समूहातील एका कंपनीकडे होते. मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. देखभाल खासगी हातात देता येते. तपासणी देता कामा नये.

आपल्याकडे अशा कराराचा पाया तयार आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१६ पासून वापरात असलेल्या हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीत प्रकल्पखर्चाचा ४० टक्के भाग बांधकाम चालू असताना दिला जातो आणि उरलेला ६० टक्के भाग साधारण १५ वर्षांच्या हप्त्यांत. रस्त्यासाठी ही मुदत ठीक असेल. पूल मात्र शंभर वर्षे टिकावा या हिशेबाने आखलेला असतो, आणि बेअरिंग (खांब आणि वरचा भाग यांमधले आधार), एक्स्पान्शन जॉइंट (उष्णतेने पूल प्रसरण पावावा म्हणून ठेवलेले सांधे), सळयांवरील काँक्रीटचा थर यांची खरी परीक्षा पहिल्या पंधरा वर्षांत क्वचितच होते. मोठे खर्च सुरू होण्याच्या सुमारास कंपनी मोकळी होणार असेल तर टिकाऊ बांधण्यातला तिचा स्वार्थ कमी होतो. म्हणून पुलांसाठी ही मुदत किमान ३० वर्षांची असावी, असे माझे मत आहे. खासगी कर्ज सरकारी कर्जापेक्षा महाग पडते हे खरे, आणि तो जादा खर्च याच दीर्घ जबाबदारीच्या बदल्यात समर्थनीय ठरतो; जबाबदारी लवकर संपत असेल तर साधी सरकारी निविदा अधिक बरी.

एकट्यादुकट्या लहान पुलासाठी एवढा करार परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१५ मध्ये ५५८ लहान पूल एकाच कराराखाली बदलायला घेतले होते. दारणा, कादवा, गिरणा, मोसम या नद्यांवरील जिल्ह्यातील जुन्या पुलांची अशी एकत्रित मोट बांधता येईल.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये पूल आणि रस्ते यांची बरीच चर्चा चालू आहे. तिच्यात एका कलमाचा आग्रह मी धरेन. आपल्या नद्या वर्षातील बराच काळ शांत असतात आणि पुरात पायाभोवतीचे दगडमाती खरवडून नेतात. वरून रंगवलेला कठडा पाहून त्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर, कंपनीशी संबंध नसलेल्या अभियंत्यांनी पाणबुडे उतरवून खांबांचा पाया तपासावा, त्याचा अहवाल मराठीतून जाहीर व्हावा, आणि तो जाहीर होईपर्यंत कंपनीचा त्या वर्षीचा हप्ता रोखून धरावा.