मागचं चाक

बत्तीस वर्षं एसटी चालवली, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. आता माझी ड्युटी चौकातल्या चहाच्या टपरीवर. त्यामुळं आमच्या गावचा हा चौक उकरला कसा, बांधला कसा आणि आता लोक त्याला शिव्या कसे घालायलेत, हे सगळं मी बाकड्यावर बसून बघितलंय. गावचं नाव सांगत नाही. लातूरहून तासाभराचा रस्ता आहे, एवढं पुरे.

आधी मधोमध गोल होता. त्यात एक कारंजं, ते उडताना कुणी बघितलं असेल तर मला भेटावं. उन्हाळ्यात गोल काढला, सिग्नल बसवले, चारी कोपरे पुढं ओढून फुटपाथ रुंद केला आणि फुटपाथच्या कडेला पिवळे प्लास्टिकचे खांब ठोकले. जूनमध्ये फीत कापली. दुसऱ्या दिवसापासून बोंब सुरू. टपरीवर एक पोरगा मला म्हणला, "काका, डावीकडं वळायला बी आता परवानगी लागती का?"

माझाही जीव गोलावर होता, ते कबूल करतो. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. निजामाच्या काळात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ती गोलाई. मधली दुमजली इमारत १९१७ची, पोटात अंबाबाईचं देऊळ. कडेनं सराफा, चपला, मिरची, गूळ. आज तिथं गाडी घालणं म्हणजे दिव्य आहे, पण नवख्या माणसालाही गोलाई सांगावी लागत नाही. फिरत राहायचं, आपला रस्ता आला की सुटायचं. मला वाटायचं, सोळा रस्ते गोलावर भागतात, मग आमच्या चारालाच काय धाड भरली? पण ताशी तीन हजार गाड्यांच्या पुढं रहदारी गेली की गोल पुरत नाही, असा रस्तेवाल्यांचा ठोकताळा आहे. सकाळी ट्यूशन सुटायच्या टायमाला आमच्याकडं काय होत होतं, ते मी बघितलेलं आहे. तेव्हा गोलाचं सोडा.

कोपऱ्यांचंही लोक बोलतात तेवढं वाईट नाही. कोपरा पसरट असला की गाडीवाला ब्रेकला पाय न लावता वळतो. कोपरा आवळला की झक मारत हळू होतो, आणि पायी माणसाला रस्ता कमी ओलांडावा लागतो. आमच्या मंडळींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पूर्वी पलीकडच्या मेडिकलला जायचं तर मला हात धरून न्यावं लागायचं. आता ती एकटी जाते. फक्त सिग्नल पुरत नाही. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे. आमचा रस्ता अठरा मीटर, म्हणजे पंधरा सेकंद झाले, आणि हिरवा माणूस दिसतो सोळा सेकंद. हिशोब चोख. मी घड्याळ लावून बघितलं, तिला चोवीस लागतात. उरलेले आठ सेकंद ती हॉर्न ऐकत चालते.

खरं दुखणं दिवाळीनंतर कळलं.

डिझेलची मोठी गाडी वळते तेव्हा पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही. मागचं आत कापतं. आमच्या एसटीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण साडेपाच मीटर अंतर. म्हणून डावीकडं वळायचं तर आधी उजवीकडं धरायचं, नाक पार पुढं जाऊ द्यायचं आणि मग स्टेअरिंग तोडायचं. नव्या ड्रायव्हरला आम्ही पहिल्यांदा हेच शिकवायचो. पुढं बघून काय गाडी चालवतोस, डाव्या आरशात बघ. एसटी या कोपऱ्यातून घासून का होईना, निघते. पण ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या की पहिली ट्रॉली आत येते आणि दुसरी तिच्याहून आत.

काम झालं उन्हाळ्यात. कारखान्याचं गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास. मधल्या काळात या रस्त्यावर ऊसच नसतो! ज्यांनी मोजमाप घेतलं, त्यांनी ते एप्रिलमध्ये घेतलं असणार. कागदावर कार झकास वळली असेल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या ट्रॉलीचं चाक फुटपाथवर चढलं, तीन पिवळे खांब भुईसपाट झाले आणि पेव्हर ब्लॉक वडीसारखे उचकटले. फुटपाथवर त्या वेळी कुणी नव्हतं. तिथं रोज ट्यूशनच्या पोरी घोळका करून उभ्या असतात, म्हणून लिहायलोय. माणसांसाठी रुंद केलेली जागा आता मागच्या चाकाची जागा झालीय.

डिसेंबरात मी मूठभर फक्की आणली आणि ट्रॉलीचं मागचं चाक जिथून गेलं तिथं रेघ मारली. कडेपासून आत तीन हात. पाहणीला एक साहेब आले होते, त्यांना दाखवली. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला, म्हणाले, "बघतो." माणूस भला वाटला. कोपरा तेवढाच ठेवून कड उतरती करा, चाक चढू द्या, पण पोरींना उभं राहायला जागा मागं सरकवा, एवढंच माझं म्हणणं होतं. रेघ दोन दिवसांत पुसली. मी परत मारली.

परवा संध्याकाळी पुन्हा एक डबल ट्रॉली कोपऱ्यात अडकली. मागं गाड्यांची रांग, सगळ्यांचा हात हॉर्नवर. ड्रायव्हर बीडकडचा, वीस-बावीसचं पोरगं. मान बाहेर काढून म्हणलं, "आबा, मागं जरा बघता का?" मी चहा ठेवला, पोरींना मागं सारलं आणि मागच्या ट्रॉलीपाशी जाऊन उभा राहिलो. चाक कडेला वीतभर ठेवून निघतंय म्हणल्यावर पत्र्यावर दोनदा थाप मारली. पोरगं एसटीत कधी नव्हतं, पण डबल बेल त्याला बरोबर कळली.