तुम्ही विचारलंत म्हणून: खोटं दाखवून दिलं तर माणूस ऐकतो का?

सोशल मीडियावरच्या खोट्या माहितीवर मी काम करते हे कळलं की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. "समोरच्याला खोटं आहे म्हणून दाखवून दिलं तर तो ऐकतो का हो? की आणखीच हट्टाला पेटतो?" आवाजावरूनच कळतं, घरच्या ग्रुपवर नुकतंच कुणाशी तरी वाजलंय.

पूर्वी मी झटकन सांगायचे, पेटतो. २०१० साली ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफ्लर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. इराककडे महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत, अशी दुरुस्ती वाचायला दिल्यावर अमेरिकेतल्या पुराणमतवादी वाचकांचा 'होतीच' हा समज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. व्याख्यानात हे सांगितलं की लोक हसायचे, शेजाऱ्याकडे बघून माना डोलवायचे. पुढे थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी तेच तपासलं, पण ५२ मुद्द्यांवर आणि दहा हजारांहून जास्त लोकांवर. त्यांचा निबंध २०१९ साली छापून आला. उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. दुरुस्ती वाचून लोक, थोडे का होईना, वस्तुस्थितीकडे सरकले होते. चुकीचे समज टिकून राहतात त्याचं कारण हा उलटा परिणाम नव्हे, असं खुद्द नायहननेच २०२१ मध्ये लिहिलं. म्हणजे खोट्या माहितीविरुद्ध बोलता बोलता काही वर्षं मीच एक कच्चा निष्कर्ष वाटत फिरत होते. चटपटीत होता ना! शिवाय ऐकणाऱ्याला वाद न घालण्याची सबब मिळायची.

तर, माणूस ऐकतो. पण ऐकलेलं खोटं मनातून पूर्ण जात नाही, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो.

१९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सायफर्ट यांनी एक प्रयोग केला. वाचायला एका गोदामाच्या आगीची हकीकत होती, तुकड्यातुकड्यांत. आधी कळतं की एका कपाटात ऑइलपेंटचे डबे आणि गॅसचे सिलिंडर निष्काळजीपणे ठेवले होते. नंतर खुलासा येतो की ते कपाट रिकामंच होतं. वाचकांना खुलासा आठवत होता. तरी "स्फोट कशाने झाले असतील?" असं विचारलं की कित्येक जण पुन्हा त्या सिलिंडरवरच यायचे. कपाट रिकामं आहे हे मान्य, पण मग आग लागली कशी? गोष्टीला भोक पडतं आणि मन ते आधी हाताला आलेल्या वस्तूनेच बुजवतं. ज्यांना रिकाम्या कपाटाबरोबर आगीचं दुसरं कारणही सांगितलं, म्हणजे ती मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, त्यांच्या बोलण्यात सिलिंडर बरेच कमी आले.

तेव्हापासून नुसता 'फेक आहे' असा शिक्का मारणं मला अर्धवट काम वाटतं.

वेगाचं दुखणं वेगळं. सोरुश वोसुगी, देब रॉय आणि सिनान अरल यांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. दोष बॉट्सवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांवर, ढकलता येत नाही, ते खरं-खोटं दोन्ही सारखंच पसरवत होते. खोट्याला हात लावून पुढे ढकलणारी माणसंच होती. त्यातले सगळे लबाड असतात असंही नाही. गॉर्डन पेनीकूक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या पाच हजारांहून जास्त लोकांना फक्त एका मथळ्याबद्दल विचारलं, हा खरा वाटतो का? तेवढ्यानेही ते नंतर शेअर करत असलेल्या बातम्यांचा दर्जा थोडा सुधारला. थोडाच, हे मी आता आवर्जून सांगते. पूर्वी एकदा पोळलेय.

मध्यंतरी आमच्या काकांनी ग्रुपवर एका मोडून पडलेल्या पुलाचा फोटो टाकला. खाली मजकूर होता, 'कालच पडला, बघा कसा पैसा खाल्ला!' फोटो शोधला तर कित्येक वर्षं जुना आणि दुसऱ्याच देशातला निघाला. चारचौघांत नको म्हणून मी फोन करून सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, "मग हा पडला कशाने?"

मला ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं गोदामाची गोष्ट सांगत आलेली मी, फोनवर गप्प बसले. रात्री बसून शोधलं. भूकंपात पडला होता. काकांना तेवढंच कळवलं.

सकाळी ग्रुपवर त्यांचाच मेसेज होता, 'तो फोटो जुना आहे, भूकंपातला आहे, कृपया पुढे पाठवू नये.' जणू त्यांनीच शोधून काढलं असावं. त्याच्या बरोबर वर, पहाटे सव्वापाचला, मामींनी तोच फोटो पुन्हा टाकलेला होता.