अमर पेशी मिळते, अमर माणूस नाही

पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या पेशीसंग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना ज्या पेशी जातात, त्यांत 'हीला' असतात. हे नाव हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईवरून पडलं. ती १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. तिच्या गाठीतल्या पेशी आजही साधारण दिवसाला दुप्पट होतात. म्हणजे अमरत्व आहे, पुण्यातसुद्धा. फक्त ते कॅन्सरच्या वाट्याला आलंय.

साध्या पेशीचा हिशोब हेफ्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडला: ४० ते ६० विभाजनं, मग थांबली. दर विभाजनाला गुणसूत्राचं टोक, म्हणजे टेलोमिअर, थोडं झिजतं. टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) ती झीज भरून काढतं. मग ते सगळीकडे चालूच का ठेवू नये? कारण कॅन्सरच्या बहुतेक गाठी नेमकं तेच करून फोफावतात. झीज हा त्यांच्यावरचा ब्रेक आहे. टेलोमिअर वाढवणाऱ्या गोळ्या विकणारे हे सांगत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे गोठवून ठेवायचं. पेशींच्या बाबतीत हे रोजचं काम आहे. भराभर वाढणाऱ्या, तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवायच्या, सेंट्रिफ्यूज करून खाली बसवायच्या, ९० टक्के सिरम आणि १० टक्के डीएमएसओ (बर्फापासून वाचवणारं रसायन) यांत मिलीलीटरला सुमारे १० लाख या हिशोबाने मिसळायच्या. व्हायल, म्हणजे छोटी कुपी, आयसोप्रोपॅनॉलच्या (एक अल्कोहोल) डब्यात घालून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये रात्रभर. तापमान मिनिटाला एक अंशाने उतरलं पाहिजे. मग द्रव नायट्रोजन, उणे १९६. घाई केली तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. फार रेंगाळलं तर पाणी बाहेर निघून जातं आणि उरलेल्या क्षारांनी पेशी करपते. बाहेर काढताना उलटं, घाईच हवी: ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये मिनिट-दोन मिनिटं, बर्फाचा छोटा खडा शिल्लक असतानाच उचलायची. मग कोमट माध्यमात थेंबाथेंबाने सोडून डीएमएसओ धुऊन टाकायचं. ते तसंच राहिलं तर पेशी त्यानेच मरतात.

एवढे सोपस्कार एका मिलीलीटरला. वस्तू दहापट जाड झाली की उष्णता बाहेर पडायला शंभरपट वेळ लागतो. त्यामुळे यकृताचा किंवा मेंदूचा गाभा आणि वरचा थर एका वेगाने थंड होतच नाहीत. बर्फ टाळून काचेसारखं गोठवायचं तर रसायन जास्त लागतं, आणि ते विषारी असतं. त्यातूनही निभावलं तरी काच थंड होताना तडकते. १९६७ मध्ये, मेल्यावर गोठवलेला पहिला माणूस जेम्स बेडफर्ड अजून टाकीत आहे. वितळवण्याचा खरा पल्ला २०२३ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटात गाठला गेला: लोहाचे सूक्ष्म कण आणि चुंबकीय क्षेत्र वापरून उंदराचं मूत्रपिंड आतूनबाहेरून एकसारखं तापवलं, बसवलं, आणि ते चाललं. उंदराचं. मूत्रपिंड.

तिसरी वाट जपानी शास्त्रज्ञ यामानाकांची. २००६ मध्ये त्यांनी चार जनुकांनी प्रौढ पेशी पुन्हा भ्रूणासारखी केली. पण शरीरात हा उलटा प्रवास जास्त वेळ चालवला की पेशी आपलं काम विसरते आणि टेराटोमाची गाठ होते. त्या गाठीत केस, कधी दातही सापडतात. अर्ध्यावर कुठे थांबायचं, हा सध्याचा सगळा खटाटोप.

आणि समजा म्हातारपण खरंच थांबलं. अश्वत्थाम्यासारखी भळभळती जखम घेऊन नव्हे, धडधाकट. अपघात-आजाराची जोखीम वर्षाला हजारात एक धरली, तरी ६९३ वर्षांत निम्मे लोक गेलेले असतील. लक्ष्मी रोडवर उलट दिशेने, बिनहेल्मेट गाडी घालणाऱ्यांनी आकडा बराच खाली धरावा.