कोरे गोल

लातूरच्या उद्योग भवन परिसरात शिकवणारे पुष्कळ. माझं काम त्यांच्यानंतर सुरू होतं. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची सराव टेस्ट दर रविवारी होते. तिचे ओएमआर, म्हणजे गोल भरून उत्तरं द्यायचे कागद, स्कॅन होऊन आले, की एकेका पोराला समोर बसवायचं आणि मार्क कुठे गेले ते शोधायचं. पालकांना वाटतं, मार्क चुकांनी जातात. हुशार पोरांचे बऱ्याचदा कोऱ्या गोलांनी जातात.

ही मुलगी कळंबकडची, रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणारी. १८० प्रश्नांत चुकलेला फक्त १, कोरे २२. एकूण ६२७. शिकवणारे तिच्यावर खूश, "ॲक्युरसी बघा पोरीची!" कोरे गोल मोजायचं त्यांना कधी सुचत नाही.

मी तेच २२ प्रश्न तिला परत दिले. खात्री नसली तरी खूण कर म्हटलं. १७ बरोबर आले. म्हणजे ६८ वजा ५, असे ६३ मार्क तिनं हातचे सोडले होते. बरोबरला ४, चुकीला वजा १. चारातले दोन पर्याय कापले आणि उरलेल्यांतला डोळे झाकून एक धरला, तरी सरासरी दीड मार्क पदरात पडतो. हे गणित तिला पाठ होतं.

"कळायलंय सर. पण बॉलपेननं भरलेला गोल परत खोडता येत नाही ना. चुकला तर रातभर झोप येत नाही."

मग चुकांची वही मागितली. ही वही आम्हीच ठेवायला लावतो. रकाने तीन: प्रश्न, काय चुकलं, बरोबर काय. तिनं पट्टीनं रेघ मारून चौथा पाडला होता. त्यात तांबड्या पेनानं, वळणदार अक्षरात, 'गधडी', 'एवढं सोपं येईना', 'पप्पांचे पैसे पाण्यात'. पानोपान हेच.

"तुझ्या रूममेटच्या वहीत लिहिशील असं?"

"छ्या! रडंल की ती."

"मग तिला जे सांगशील तेच इथं लिही."

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. "भ्याव राहिलं नाही तर मी अभ्यास कशाला करीन, सर?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. चौकाचौकात टॉपरांचे फोटो लावून आम्ही क्लासवालेच पोरांना भ्याव विकतो, वर त्याला मोटिव्हेशन म्हणतो. शेवटी एवढंच म्हणालो, "हे २२ गोल भ्यावानंच कोरे ठेवले ना?" तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मलाही ते अर्धंच उत्तर वाटतं. त्या भ्यावानंच ती पहाटे चारला उठते, हेही खरं आहे.

पुढच्या टेस्टला कोरे ९, चुका ५. त्या पाचांसाठी ती माझ्यासमोर रडलीच. वहीच्या चौथ्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, 'प्रश्नातला "नाही" वाचायचा राहिला. होतं असं. सावकाश वाच.' त्याखालच्या ओळीत पुन्हा 'गधडी', पण या वेळी निळ्या पेनानं.

संध्याकाळी फिजिक्सच्या सरांनी जिन्यात गाठलं. "काय सांगितलं हो त्या पोरीला? ॲक्युरसी ९९ वरून ९७ वर आली." एकूण मार्क ६५९ झालेत, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.